थेटफर्डचे एन्शन्ट हाउस संग्रहालय : इतिहासप्रेमी सोलापूरकरांसाठी

सोलापुरातून मुलांकडे केंब्रिज परिसरात जाणारी बहुतेक वडीलधारी मंडळी लंडन पाहून परततात. इतिहासाची गोडी असलेल्यांनी मात्र एक दिवस राखून ठेवावा, केंब्रिजहून रेल्वेने नॉरफोकमधील थेटफर्ड या लहानशा गावी जावे आणि तेथील एन्शन्ट हाउस संग्रहालय पाहावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

तेथे सर्वांत आधी पाहावी ती इमारतच. सुमारे १४९० मध्ये बांधलेले हे लाकडी चौकटीचे घर असून त्याच्या छताच्या ओक तुळयांवरील कोरीवकाम आजही टिकून आहे. आपल्याकडचे सागवानी वाडे पाहिलेल्या माणसाने तेथे घाई करूच नये. हे घर १९२१ मध्ये गावाला दिले ते महाराजा रणजितसिंगांचे नातू प्रिन्स फ्रेडरिक दुलीपसिंग यांनी. ज्यांच्या वडिलांचे पंजाबचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, त्यांनीच एका इंग्रजी गावाचा ठेवा जपावा, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

संग्रहालयात थेटफर्डच्या खजिन्याच्या प्रतिकृती आहेत. मूळ वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. रोमन अमलाच्या अखेरच्या काळातील, म्हणजे चौथ्या शतकातील, सोन्याच्या २२ अंगठ्या आणि फॉनस या देवाचे नाव कोरलेले चांदीचे चमचे १९७९ मध्ये गावाजवळच्या गॅलोज हिल येथे सापडले. शोधणाऱ्याने परवानगी घेतली नव्हती आणि खबरही उशिरा दिली. पुरातत्त्वज्ञांना कळेपर्यंत त्या जागेवर बांधकाम झाले होते, त्यामुळे या वस्तू जमिनीत कशा ठेवल्या होत्या, हे कायमचे अज्ञात राहिले. भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग-कुडल येथील शके ९४० चा मराठी शिलालेख आपल्याला मंदिरातच वाचता येतो, याचे मोल थेटफर्डमध्ये अधिक तीव्रतेने जाणवते.

संग्रहालयानंतर नॉर्मन किल्ल्याची उंच मातीची टेकडी आणि बाराव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेल्या मठाचे अवशेष पायीच पाहता येतात. ग्राइम्स ग्रेव्हज ही सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीची गारगोटीची खाण मात्र गावाबाहेर असल्याने वाहनाची सोय करावी. हरणाच्या शिंगांनी खोदलेल्या तेथील ४०० हून अधिक विवरांपैकी एका, सुमारे ९ मीटर खोल विवरात उतरता येते. संग्रहालय आणि ग्राइम्स ग्रेव्हज या दोन्ही ठिकाणांच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, म्हणून त्या आधी पाहून घ्याव्यात.