छप्पर उघडलं आणि आमचा हात दगडाखाली सापडला

सिंधुदुर्गातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या बांधकाम समितीवर मी आहे. प्रकरण वकिलाकडे असल्याने ठेकेदाराचं नाव देत नाही. पण चालू दवाखान्याचं छप्पर कुणी बदलायला काढणार असेल, तर वर्क ऑर्डरवर सही करण्याआधी हे वाचा.

आमच्या जुन्या इमारतीला वर स्लॅब नाही. लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, त्यावर पत्रे, खाली फॉल्स सीलिंग आणि त्याखाली थेट वॉर्ड. "सकाळी उघडू तेवढं संध्याकाळी झाकू," हे ठेकेदाराचं बैठकीतलं बोलणं. त्याच्या कोटेशनमध्ये मात्र 'टप्प्याटप्प्याने' एवढाच शब्द. टप्पा केवढा, ते कुठेच नाही.

मे संपत आला तेव्हा एका दिवशी त्याने दुप्पट माणसं आणली आणि दोन्ही बाजूंचे पत्रे एकदम उतरवले. आम्हाला वाटलं, काम वेगात चाललंय. दुसऱ्या दिवशी एकही मजूर नाही. फोनवर म्हणे, "साहेब, लोखंडाचे भाव चढलेत. वाढीव रक्कम टाका, उद्या माणसं पाठवतो." मृग तोंडावर, वर नुसती ताडपत्री, खाली पेशंट. बायकांचा वॉर्ड ओपीडीच्या व्हरांड्यात हलवला. जुन्या सीलिंगवरची धूळ आणि कबुतरांची घाण खाली यायला लागली, तेव्हा सर्जननी ऑपरेशन थिएटरच बंद केलं. अशा धुळीत ॲस्परजिलस बुरशीचे कण असतात. धडधाकट माणसाला त्यांचं काही वाटत नाही, पण प्रतिकारशक्ती खचलेल्या पेशंटच्या ते फुप्फुसात मुरतात. घरमालक असता तर त्याने ठेकेदाराशी चार दिवस भांडण ताणलं असतं. रुग्णालयाला ते परवडत नाही, आणि हे ठेकेदाराला पक्कं माहीत होतं. पैसे दिले.

खरी चोरी पुढेच होती. पत्रा ठरला होता ०.५० मिमीचा. थप्पीतले वरचे पत्रे बरोबर, मागे कंपनीचा छापही होता. खालच्यांना छापच नाही. आमचा इलेक्ट्रिशियन वर चढला तर पायाखाली पत्रा डबा वाजावा तसा वाजे. मग कापून उरलेला एक मीटर लांबीचा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. चार फूट रुंद गुंडाळीतून (कॉइल) कापलेला ०.५० चा पत्रा मीटरला साडेचार किलोच्या आसपास भरतो. हा जेमतेम तीन किलो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मायक्रोमीटर आणला, जाडी ०.३५ निघाली. "जाडी रंगासकट धरतात, साहेब," हा त्याचा खुलासा. अहो, ०.५० ही रंग आणि लेपासकटच असते! आतलं नुसतं पोलाद ०.४५.

जुने अँगल आणि पत्रे 'डेब्रिज', म्हणजे राडारोडा, म्हणून रातोरात उचलले, ते वेगळंच. भंगाराला किलोवर भाव असतो, त्यामुळे वजनाची पावती घेतल्याशिवाय गेटबाहेर काही सोडू नका. एका दिवसात किती चौरस मीटर उघडायचं आणि ते त्याच संध्याकाळी झाकायचं, हे करारात दंडासकट लिहून घ्या. माल उतरताना थप्पीच्या मधला पत्रा ओढून मोजा. आणि पावसाच्या तोंडावर काम सुरूच करू देऊ नका, दिवाळीनंतर धरा.

शेवटचं बिल आम्ही अडवलंय. त्यावर त्याची नोटीस आलीय, व्याजासकट वसुलीची. उत्तरात आम्ही मायक्रोमीटरचे फोटो जोडलेत.