ऑक्झॅलिक पावडर आणि सागवानावरचे काळे डाग : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

चिपळुणात २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावरचे सगळे लाकडी सामान दीड दिवस गढूळ पाण्यात उभे होते. पाणी ओसरल्यावर चिखल धुऊन आम्ही ते पडवीत सावलीला वाळवले. जुने सागवान असल्यामुळे ते फारसे फुगले नाही की फाटले नाही. मात्र जिथे जिथे लाकडाला लोखंड लागलेले होते, म्हणजे टेबलाच्या खिळ्यांभोवती, झोपाळ्याच्या कड्यांखाली आणि ज्या पाटांवर पत्र्याची ट्रंक येऊन टेकली होती त्या पाटांवर, निळसर काळे डाग उमटले. पुढची काही वर्षे मी ते टेबलक्लॉथखाली आणि गादीखाली झाकून ठेवले. गेल्या दिवाळीनंतर मात्र ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर आणली आणि कामाला लागले. त्याला आता दहा महिने झाले आणि मध्ये कोकणातला एक अख्खा पावसाळा गेला. आठवड्याभरात हा अनुभव लिहिला असता, तर त्यातले निम्मे चुकीचे ठरले असते.

ही पावडर रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळते. दुकानदाराने मला पहिला प्रश्न विचारला तो "लादी पॉलिशला हवी का?" असा, कारण मोझेकची आणि संगमरवरी फरशी घासून चकाकी आणणारे कारागीर हीच पावडर नेतात. पाव किलोची पुडी ७० रुपयांना पडली. दिसायला ती थेट बारीक साखरेसारखी असते आणि पोटात गेली तर मूत्रपिंडांना गंभीर इजा करते. म्हणून घरी आल्याबरोबर मी ती काचेच्या बरणीत भरली, बरणीवर ठळक अक्षरांत ‘विष’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि स्वयंपाकघरापासून दूर, माळ्यावर ठेवली. हेच आम्ल अगदी थोड्या प्रमाणात आंबुटीच्या पाल्यात असते, हरभऱ्याच्या आंबेत असते आणि अळू घशाला खाजते तेही त्याच्याच कॅल्शियमच्या क्षारामुळे. ओळखीचे नाव निघाले म्हणून बरणीतली पावडर निरुपद्रवी ठरत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

डाग का पडतो, हे कळल्याशिवाय या पावडरीचा उपयोग आणि तिची मर्यादा दोन्ही लक्षात येत नाहीत. सागवानात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. ओल मिळाली की लोखंडाचा अंश त्या टॅनिनशी संयोग पावतो आणि काळे द्रव्य तयार होते. पूर्वी हिरड्याचा काढा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) एकत्र करून पोथ्या लिहिण्याची काळी शाई करत, तिच्यातली क्रिया हीच होती. थोडक्यात, माझ्या टेबलावरच्या खिळ्यांनी पुराच्या पाण्यात बसून शाईच तयार केली होती. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड त्या काळ्या द्रव्यातले लोखंड स्वतःकडे ओढून घेते, ते पाण्यात विरघळण्याजोगे होते आणि धुऊन निघून जाते. जिथे लोखंड नाही तिथे ही पावडर जवळजवळ काहीही करत नाही. तिच्याविषयी नाराज होणाऱ्या बहुतेकांची गफलत इथेच होते, आणि माझीही झाली.

सुरुवात करण्यापूर्वी आमच्याकडे पूर्वी पॉलिशचे काम केलेल्या कारागिराला मी टेबल दाखवले. त्यांनी बोटाने डाग चाचपून एवढेच सांगितले, "बाई, डाग पॉलिशात आहे की लाकडात, ते आधी बघा." हा सल्ला मला पावडरीइतकाच मोलाचा वाटतो. गरम चहाच्या कपाखाली किंवा ओल्या तांब्याखाली जे पांढरे वर्तुळ उमटते ते पॉलिशाच्या थरात अडकलेल्या ओलाव्याचे असते, लाकडापर्यंत ते पोहोचलेलेच नसते. तशा डागाला आम्लाची गरज नसते. टेबलावर अशी तीन वर्तुळे होती. त्यांतली दोन केस वाळवण्याच्या यंत्राची मंद ऊब काही मिनिटे दिल्यावर विरली. तिसऱ्यावर मऊ कापडाची पुरचुंडी स्पिरिटने जेमतेम दमट करून, कुठेही न थांबता, दोन-तीनदा फिरवावी लागली. पुरचुंडी थांबली असती तर स्पिरिटने तिथले पॉलिशच उचलले असते. काळा डाग मात्र लाकडात असतो आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर वरचे पॉलिश आधी काढावेच लागते.

हे पॉलिश काढणे म्हणजेच निम्मे काम आहे. जुन्या सामानावर बहुधा चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश असते. आतल्या न दिसणाऱ्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहावा, ती जागा चिकट झाली तर चपडा आहे असे समजावे. अलीकडच्या मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशवर स्पिरिटचा असा परिणाम होत नाही आणि ते खरवडण्याचे काम मी तरी घरी करणार नाही. आमचे टेबल चपड्याचे निघाले, त्यामुळे स्पिरिट आणि जुन्या धोतराची फडकी एवढ्यावर ते दोन सकाळींत उघडे झाले. त्यावर १५० नंबरचा पॉलिशपेपर रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवला.

त्यानंतर अर्धा लिटर गरम पाण्यात सुमारे ५० ग्रॅम पावडर विरघळवली. भांडे प्लास्टिकचे किंवा काचेचेच घ्यावे, धातूचे नको. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा आणि दारे-खिडक्या उघड्या, एवढी तयारी हवी. पहिला ब्रश फिरवला तेव्हा डाग उलट जास्तच काळा दिसू लागला, कारण ओल्या लाकडाचा सगळाच रंग गडद होतो. पाच-सात मिनिटांत मात्र खिळ्यांभोवतीचा काळा रंग आधी जांभळट, मग करडा होत गेला आणि अर्ध्या तासाने तिथे फिकट तपकिरी सावलीच तेवढी उरली. रात्रभर वाळू दिल्यावर सकाळी फळीवर पांढरे बारीक स्फटिक साखर सांडल्यासारखे पसरले होते. ते कोरडे झटकणे ही माझी पहिली चूक होती. ती धूळ नाकात गेली आणि पुढचे दोन तास मी शिंकत आणि खोकत होते. स्फटिक ओल्या फडक्यानेच टिपून घ्यावेत. मग एक लिटर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून त्याने फळी पुसावी आणि शेवटी साध्या पाण्याने दोनदा धुवावी. आम्ल लाकडात राहिले तर वरचे पॉलिश नीट बसत नाही.

दुसरी चूक अधिक महागात पडली. पहिल्या दिवशी मी केवळ डागांवरच पावडरीचे पाणी लावले होते. डाग गेले खरे, पण वाळल्यावर प्रत्येक डागाच्या जागी भोवतालच्या सागवानापेक्षा उजळ असा गोल शिल्लक राहिला, कारण हे आम्ल जुन्या लाकडाचा मळकट गडदपणाही थोडा उतरवते. शेवटी संपूर्ण वरची फळी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पुन्हा भिजवावी लागली. तेव्हापासून मी डाग लहान असला तरी पूर्ण फळीच घेते.

त्याच टेबलावर वडिलांच्या दौतीचा एक जुना, तळहाताएवढा डाग होता. निळ्या-काळ्या शाईचा. तो मला सर्वांत आश्चर्यकारक वाटला. दोन हातांनंतर त्यातला काळा भाग जवळजवळ पूर्ण गेला आणि त्याच्या खालून स्वच्छ, फिका निळा रंग वर आला. अशा शाईत लोखंडाचा अंश असतो आणि लिहिताना दिसावा म्हणून निळा रंगही घातलेला असतो. पावडरीने आपले लोखंड तेवढे उचलले आणि निळ्याला हातही लावला नाही. तिसरा हात देऊनही त्यात फरक पडला नाही. क्लोरीनच्या ब्लीचने तो निळा कदाचित गेला असता, पण मी तो राहू दिला आहे. ब्लीच आणि हे आम्ल एकाच वेळी, एकाच फळीवर कधीही वापरू नये, कारण त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

झोपाळ्याने मात्र माझी खरी परीक्षा घेतली. डिसेंबरात कड्यांखालचे काळे डाग इतके सुरेख निघाले की पाहुण्यांना मी ते मुद्दाम दाखवत असे. चपड्याचे चार हात दिले, कड्या घासून पुन्हा बसवल्या आणि काम संपले असे मानले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि जुलैअखेर कडीच्या बुडाशी, पॉलिशाच्या खाली, पुन्हा नखाएवढी काळी चंद्रकोर दिसू लागली. पावडरीचा यात काही दोष नव्हता. लोखंडी कडी तिथेच होती, हवेत ओल होती आणि लाकडातले टॅनिन संपलेले नव्हते, मग शाई पुन्हा तयार होणारच. ऑगस्टमध्ये चारही कड्या पितळी करून घेतल्या. त्यांचा खर्च पावडरीच्या कित्येक पट झाला. टेबलाचे खिळे मी आधीच आत ठोकून वर लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरले होते, तिथे अद्याप काही उमटलेले नाही.

जिथे ही पावडर उपयोगी पडली नाही त्या जागाही सांगायला हव्यात. पाटांवर हळदीचे डाग होते, त्यांच्यावर तिने ढिम्म परिणाम केला नाही. हळदीला साबणही लावू नये, कारण क्षाराने ती लाल होते, हळदीचे कुंकू होते ते याच गुणामुळे. तिच्यावर ऊन हाच उपाय आहे. पाट रोज सकाळी दोन तास अंगणात डागांची बाजू वर करून ठेवले आणि नऊ-दहा दिवसांत पिवळा रंग उडाला. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीत समईचे तेल मुरले होते, तिथेही आम्ल व्यर्थ ठरले. खडूची पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून तिचा जाड लेप रात्रभर दिला, असे चार वेळा केल्यावर निम्मे तेल वर आले, निम्मे अजून आहे. पावसाळ्यात कपाटाच्या पाठीमागे येणारे काळे ठिपके बुरशीचे असतात, त्यांच्यावरही ही पावडर वाया घालवू नये. लिंबू आणि मीठ मी आधी करून पाहिले होते. लोखंडाच्या कोवळ्या डागावर त्याने थोडा फरक पडतो, पण चार वर्षे मुरलेल्या डागावर पडत नाही.

आणखी दोन फटके बसले, तेही नोंदवते. मिश्रणाची वाटी मी क्षणभर स्वयंपाकघराच्या कडप्प्याच्या ओट्यावर टेकवली, तिच्या बुडाशी लागलेल्या ओघळाने काळ्या ओट्यावर पांढुरके, निस्तेज वर्तुळ पडले आणि ते आजही तिथे आहे. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड, आम्लाने तो खाल्ला जाणारच, हे मला आधी सुचायला हवे होते. दुसरी गोष्ट तारेच्या घासणीची. एका पाटावरचे पॉलिश निघेना म्हणून मी ती वापरली, तिचे बारीक तुकडे लाकडाच्या रेषांत अडकले आणि धुतल्यावर दुसऱ्या दिवशी अख्ख्या पाटावर काळ्या मोहरीसारखे ठिपके आले. पावडरीने ते गेले, पण ज्या कामासाठी पावडर आणली तेच काम मी स्वतःच्या हाताने वाढवून ठेवले होते.

पॉलिशविषयी थोडे. धुतलेले लाकूड किमान तीन दिवस सावलीत वाळवावे, मग २२० नंबरचा पॉलिशपेपर मारावा, तोही तोंडाला फडके बांधून. चपडा मी स्पिरिटमध्ये स्वतः भिजवला होता. नोव्हेंबरात भिजवलेल्या त्या बाटलीतले उरलेले पॉलिश जूनमध्ये देव्हाऱ्याला लावले, तर ते चार दिवस चिकटच राहिले आणि त्यावर पांढुरकी साय आल्यासारखी झाली. भिजवलेला चपडा जुना झाला की नीट वाळत नाही, आणि दमट हवेत पॉलिश पांढरे पडते. मी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी साधल्या. पावसाळ्यात कारागीर हे काम टाळतात ते उगीच नव्हे.

लोखंडाच्या काळ्या डागांपुरते बोलायचे, तर या पावडरीला मी पूर्ण गुण देईन. घरात लहान मूल असेल, किंवा वरचे पॉलिश उतरवून पुन्हा चढवण्याची तयारी नसेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये. टेबल, झोपाळा आणि चार पाट मिळून १७० ग्रॅमच्या आसपास पावडर लागली. उरलेली बरणीत आहे. ओटीच्या उंबरठ्यावर घोड्याच्या नालेभोवती एक हातभर काळा पट्टा आहे, तो नवरात्रानंतर हवा कोरडी झाली की घेणार आहे. नाल काढून ठेवायची की तशीच राहू द्यायची, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.