लाळ दिली, रिपोर्ट आला: पीसीओएसच्या जनुकीय चाचणीचा माझा अनुभव

साडेसहा हजार रुपये भरून घरबसल्या लाळेची जनुकीय चाचणी केली. कंपनीचं नाव देत नाही, तक्रार त्यांना मेलने कळवली आहे.

मला पीसीओएस (अंडाशयाचा, हार्मोन्सचा त्रास: पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात) आहे हे बाविसाव्या वर्षीच कळलंय. आता ३१. दीड वर्ष आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय. किटचा खोका आला तेव्हा सासूबाईंना वाटलं मिक्सरचं भांडं आलं. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग नळीत रेघेपर्यंत लाळ भरायची, फेस धरायचा नाही. वाटतं सोपं, पण अर्ध्या नळीतच तोंडाला कोरड पडली. शेवटी कैरीच्या लोणच्याची बरणी उघडून नुसती समोर ठेवली, तेव्हा कुठे नळी भरली.

तीन आठवड्यांनी ४२ पानी रिपोर्ट आला. पहिल्याच पानावर लाल चौकट: 'पीसीओएसचा धोका सरासरीपेक्षा जास्त'. अहो, नऊ वर्षं आहेच की! चिंब भिजून घरी आलेल्याला पावसाचा अंदाज कशाला? त्याखाली दुसरी लाल चौकट: 'वंध्यत्वाचा धोका'. सासूबाईंनी नेमकं तेवढंच वाचलं. दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही.

याच पैशांत रिपोर्ट समजावणाऱ्या जनुकीय समुपदेशकाशी एक फोन होता. तो मात्र सोन्यासारखा. बाई म्हणाल्या, चौकट बाजूला ठेवा. पीसीओएसमध्ये बीज वेळेवर फुटत नाही म्हणून दिवस राहायला उशीर होतो, बीजं संपलीत असं नाही. शिवाय याला कुठलं एक जनुक जबाबदार नसतं. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास निघाला होता, पण आतापर्यंत सापडलेल्या जनुकीय जागांनी (डीएनएवरच्या पीसीओएसशी जोडलेल्या ठिकाणांनी) त्यातला अगदी थोडाच भाग उलगडतो. २०११चा मोठा अभ्यास चिनी बायकांवरचा, २०१८चा युरोपीय वंशाच्या. मग माझ्यासारख्या सांगलीच्या बाईला कुणाची सरासरी लावली? ४२ पानांत त्याचा पत्ता नाही.

मग त्यांनी घराणं विचारलं. आईकडे काहीच नाही, म्हटलं. "आणि वडिलांकडे?"

मी गप्प. बाबांबद्दल आजवर एकाही डॉक्टरने विचारलं नव्हतं. बाबांना सव्विसाव्या वर्षी टक्कल, चाळिशीत शुगर. हे वडिलांकडूनही येऊ शकतं आणि २०१८च्या अभ्यासात पुरुषांच्या टकलाशीही त्याचा धागा जुळलाय, असं त्या म्हणाल्या. फोन ठेवला आणि आत्याला लावला. "अगं, माझी तीन-तीन महिने यायची नाही. तुझी आजी म्हणायची, बरंय, तेवढीच विटाळातून सुटका." हनुवटीवरचे केस ती तीस वर्षं चिमट्याने उपटतेय. आणि इकडे माझी आई नऊ वर्षं 'तुझ्याकडूनच आलं असणार' ऐकून घेतेय!

रिपोर्ट आमच्या डॉक्टरीणबाईंनी उघडलासुद्धा नाही. उपचार त्याने बदलत नाहीत म्हणाल्या, आणि बीज फुटायला मदत करणारी लेट्रोझोलची गोळी लिहून दिली. बाबांच्या शुगरचं मात्र नीट विचारलं आणि माझी ग्लुकोजची तपासणी त्याच दिवशी करायला लावली.

पाचपैकी दोन तारे. दोन्ही फोनवरच्या बाईंना. ज्यांना आधीच निदान झालंय त्यांनी साडेसहा हजार घालवू नयेत, आत्याला फोन करावा.