हीटर गार हवा मारत होता आणि बिल लावलं इंजिनच्या हेडचं! नॉर्थला गाड्या पाठवणाऱ्यांनी वाचा

रावेर-सावद्याकडून थंडीत केळी भरून ज्या गाड्या दिल्ली, पंजाब, जम्मूला जातात त्या मालकांसाठी आणि ड्रायव्हर लोकांसाठी लिहितोय. माझी एकच गाडी आहे, त्यावरच घर चालतं. 41 हजार गेले. ते परत येतील असं काही दिसत नाही पण ज्या पद्धतीने काढून घेतले ती पद्धत सगळ्यांना माहीत झाली पाहिजे.

गाडी बीएस 6, सहा सिलिंडर, हीटरवाली केबिन. माल जम्मूच्या नरवाल मंडीचा होता. दिल्ली सोडून गाडी हरियाणात लागली आणि रात्री ड्रायव्हरचा फोन, शेठ हीटर गार हवा मारतोय, काच सारखी धुरकटतेय आणि तापमानाचा काटा पण नेहमीपेक्षा वर राहतोय. आपल्याकडच्या लोकांना वाटतं हीटर म्हणजे चैन आहे, पण जानेवारीत त्या पट्ट्यात धुकं असं असतं की काचेवर गरम हवा नसेल तर पुढचं काही दिसत नाही, पोरगा एका हाताने काच पुसत चालवत होता. म्हटलं धाब्यावर घे आधी.

धाब्यावर गाडी लागते न लागते तोच एक पोरगा आला, उस्ताद पानी टपक रहा है. टपकत होतं हे खरं आहे, त्यात खोटं काही नाही. शेजारीच गॅरेज आहे म्हणाला, मिस्त्रीला बोलावून पण आणलं. (हे पोरगे कमिशनवर असतात, पंक्चरवाला, धाब्यावाला, गॅरेजवाला सगळी एकच साखळी.) आता खरा खेळ इथून सुरू होतो.

मिस्त्रीने काय केलं, इंजिन तापलेलं असतानाच फडकं टाकून रेडिएटरचं झाकण खोललं. पाणी उसळून वर आलं, वाफ, फेस, सगळं. आणि म्हणतो देखो, कंप्रेशन पानी में आ रहा है, हेड गया इसका. (हेड म्हणजे सिलिंडरच्या वर बसणारा इंजिनचा भाग, तो गेला की सिलिंडरमधला दाबाचा गॅस पाण्यात घुसतो.) ड्रायव्हरने व्हिडिओ काढून मला पाठवला. तो व्हिडिओ बघून कुणालाही वाटेल गाडी संपली.

पण ऐका, गरम इंजिनचं झाकण खोललं की चांगल्यातल्या चांगल्या गाडीचं पाणी असंच उसळणार! सिस्टीम प्रेशरमध्ये असते म्हणून तर आतलं पाणी 100 डिग्रीच्या वर जाऊन पण उकळत नाही, झाकण उघडून प्रेशर सोडलं की एका क्षणात उकळी फुटते. त्याचा हेडशी काही संबंध नाही. उलट त्यात तोंड भाजायची भीती, त्यामुळे गरम गाडीचं झाकण स्वतः खोलू नका आणि दुसऱ्याला पण खोलू देऊ नका.

62 हजार सांगितले, हेड खोलणार, लेथवर फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), गॅस्केट (हेडखालचं सील) किट, नवीन कूलंट (इंजिनच्या पाण्यात मिसळायचं, गोठू न देणारं). घासाघीस करून 41 वर आला, निम्मे आधी यूपीआयने. तिकडून व्यापाऱ्याचे फोन चालू, आणि माल म्हणजे हिरवी केळी, 13 डिग्रीच्या खाली गारठली की साल काळपट पडते आणि मग मंडीत त्याला कुणी विचारत नाही. गाडी थंडीत उभी ठेवायची सोय नाही, हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं माहितीय. ताडपत्रीखाली केळी आहे दिसलं की भाव वाढतो. ड्रायव्हरला म्हणाले तू सो जा, सुबह गाडी तयार. सकाळी फोटो आला, बाकावर काढून ठेवलेलं हेड, शेजारी फाटकं गॅस्केट. बाकीचे पैसे गेले, गाडी निघाली, माल उतरला.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हर म्हणतो शेठ हीटर अजून कोमटच आहे, आणि काटा आता वरच चढत नाही, गाडी डिझेल पण जास्त खातेय. घरी आल्यावर आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकाकांकडे लावली. काकांनी आधी फोटो बघितला आणि हसायलाच लागले, अरे हे हेड चार सिलिंडरचं आहे, तुझं इंजिन सहाचं! मग टॅपेट कव्हर (हेडच्या वरचं झाकण) दाखवलं, बोल्टवर कंपनीच्या खुणेचा पेंट जसाच्या तसा, कडेला जुनी धूळ आणि तेल सुकून बसलेलं, तिथे पाना लागलेलाच नाही. आणि एका रात्रीत हेड उतरवून, लेथवर नेऊन, परत चढवून टॅपेट सेटिंग करून सकाळी गाडी तयार, हे होतच नाही म्हणाले, आणि ते पण त्या थंडीत.

मग केलं काय होतं त्याने? थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) काढून फेकला होता, हाऊसिंग रिकामं. थर्मोस्टॅट नसला की पाणी सारखं रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन पुरेसं तापतच नाही, म्हणून काटा खाली आणि गिऱ्हाईक खूश. पण हीटरला उष्णता कुठून येणार, ती इंजिनच्याच पाण्याची असते. एव्हरेज पडतो, इंजिनची झीज वाढते ते वेगळं. कूलंट म्हणून जे भरलं होतं ते हिरवा रंग घातलेलं पाणी. काकांनी बाटलीत काढून दिलं, घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलं, सकाळी दगड. निम्मं कूलंट निम्मं पाणी असं बरोबर भरलेलं असेल तर ते उणे 37 च्या आसपास गोठतं, घरच्या फ्रीजरमध्ये त्याचं काही होत नाही. गाडी जम्मूलाच रिकामी झाली म्हणून वाचली, पुढे बनिहालच्या वर श्रीनगरला गेली असती आणि रात्री उभी राहिली असती तर ब्लॉकच फुटला असता.

आणि मूळ रोग? हीटरच्या पाईपची क्लिप ढिली आणि रेडिएटरच्या झाकणाचं रबर चिरलेलं. बस. पाईपचा तुकडा, क्लिपा, झाकण, नवीन थर्मोस्टॅट, चांगलं कूलंट, सगळं मिळून 9 हजारांच्या आत झालं आणि त्यातला मोठा वाटा कूलंटचाच. भरताना काकांनी हीटर फुल गरमवर ठेवून, हवेचा स्क्रू ढिला करून, सावकाश भरलं, नाहीतर आत हवा अडकते आणि हीटर परत गार.

काकांनी जे सांगितलं ते ड्रायव्हर लोकांनी डोक्यात ठेवा. हीटर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटरच, आणि तो उंचावर असतो, त्यामुळे सिस्टीममधलं पाणी कमी झालं की पहिली हवा तिथे भरते. म्हणजे काटा वर आणि हीटर गार असं दोन्ही एकदम झालं तर आधी पाणी कमी झालंय असं धरायचं, इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि मगच लेव्हल बघायची. लेव्हल बरोबर असेल तर इंजिन गरम असताना हीटरचे दोन पाईप बाहेरून जपून हात लावून बघा (फॅन-बेल्टपासून लांब). दोन्ही गरम आणि हवा गार म्हणजे आतली हवा वळवणारी फ्लॅप नाहीतर कंट्रोल बिघडलाय. एक गरम एक गार म्हणजे हीटर चोक आहे किंवा त्याचा वॉल्व्ह बंद. दोन्ही कोमट म्हणजे हवा अडकलीय नाहीतर थर्मोस्टॅट उघडा राहिलाय.

हेड गॅस्केट खरंच गेलं असेल तर ते थंड गाडीवर कळतं. सकाळी झाकण काढून स्टार्ट मारा, बुडबुडे थांबतच नसतील, किंवा झाकण लावून स्टार्ट केल्या केल्या रेडिएटरचा वरचा पाईप कडक होत असेल, बाहेर कुठे गळती नसताना पाणी कमी होत असेल, ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल, तर शंका घ्या. बीएस 6 मध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) लीक झाला तरी अशीच काही लक्षणं दिसतात, म्हणून तो बघितल्याशिवाय हेडला हात लावू देऊ नका. प्रेशर टेस्टचा पंप ज्याच्याकडे नाही त्याला हेड गेलंय हे एवढ्या लगेच कसं कळतं हे पण विचारा. काम करायचंच ठरलं तर ड्रायव्हर तिथे हजर पाहिजे, झोपायला पाठवतात तिथेच समजून जा, आणि जुने पार्ट गाडीत टाकून आणायचे. फोटो नको, व्हिडिओ कॉल, त्यात आधी नंबर प्लेट मग इंजिन.

गॅरेजवाला फोन उचलतो बरं का, म्हणतो गाडी इकडे घेऊन या, गॅरंटीत बघतो. बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान, जीएसटी नंबर नाही, आणि यूपीआय ज्या नावावर गेलं ते नाव बोर्डावर कुठेच नाही. ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार टाकलीय. 2019 च्या कायद्याने ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात पण करता येते, हरियाणात खेटे घालायची गरज नाही, म्हणून ते वहीचं पान, व्हिडिओ, तो चार सिलिंडरचा फोटो आणि काकांच्या हातचं लिहिलेलं सगळं घेऊन वकिलाकडे चाललोय. पाण्याची बाटली पण ठेवलीय. पानिपत ते अंबाला पट्ट्यात खात्रीचा मिस्त्री कुणाला माहीत असेल तर सांगा, गाडी परत नॉर्थलाच भरायचीय.