स्मरणिकेची ‘संपूर्ण सेवा’: छपाई घ्यावी, मजकूर घेऊ नये

पुण्यातल्या पेठांमधले काही छापखाने हल्ली ‘स्मरणिका, संपूर्ण सेवा’ देतात. फोटो द्यायचे, माहितीचा फॉर्म भरायचा. लेखन, मांडणी, मुद्रितशोधन, छपाई, बांधणी सगळं त्यांच्याकडे. अशाच एका छापखान्यातून वर्षश्राद्धासाठी काढलेली ४८ पानी, ए-फाइव्ह आकाराची स्मरणिका इथे तपासली आहे. ती ज्यांच्यावर आहे ते गृहस्थ पेशाने हिशेबनीस, माळकरी, दरवर्षी आळंदी ते पंढरपूर पायी जाणारे, आणि उरलेल्या सुट्ट्यांत बायकामुलांना घेऊन सह्याद्री तुडवणारे. अशा माणसावर कंटाळवाणं पुस्तक काढणं खरं तर अवघड. पहिल्या बारा पानांत या सेवेने ते साधलं आहे.

छपाईला मात्र नाव ठेवायला जागा नाही. आत मॅपलिथो (साधा, बिनचकाकीचा छपाईचा कागद), फोटोंची ८ पानं गुळगुळीत आर्ट पेपरवर आणि ती बरोबर मध्यावर, त्यामुळे पिना मारताना वेगळा कागद मध्येच चिकटवावा लागलेला नाही. कव्हरला मॅट लॅमिनेशन. एवढ्या पानांना सेंटर पिनिंगच, म्हणजे कागद मधोमध दुमडून घडीवर पिना मारणंच, योग्य. पुष्कळ घरं ‘पुस्तकासारखा कणा हवा’ म्हणून हट्ट धरतात. पण २४ कागदांची जाडी अडीच-तीन मिलिमीटर भरते, तिथे नाव छापता येत नाही आणि गोंदही नीट धरत नाही. पिनिंगला पानांची संख्या ४ च्या पटीत लागते. ५० पानांचा मजकूर दिलात तर दोन पानं कापा, नाहीतर दोन कोरी सोसा.

आता मजकूर. ‘मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, धर्मपरायण’ अशी विशेषणं ओळीने येतात. नाव झाकलं तर तो लेख कुणाच्याही आजोबांना चालेल. दोष लिहिणाऱ्यापेक्षा फॉर्मचा जास्त आहे. त्यात जन्म, शिक्षण, नोकरी, पदं, पुरस्कार एवढंच विचारलंय. दिंडी कोणती, तिचा क्रमांक काय, ती रथापुढची की रथामागची, दिवेघाट चढताना सोबत कोण असायचं, दिंडीच्या भिशीचा, म्हणजे वाटखर्चाच्या वर्गणीचा, हिशेब कोण ठेवायचं, यातलं काही नाही. हिशेबनीस वारकरी असेल तर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा त्याच्याच वहीत सापडतं.

इथेही ते सापडलं, आणि ३१ वं पान त्यामुळेच पुस्तकातलं सर्वोत्तम ठरलं. वारीच्या वहीचं एक पान आहे तसं छापलंय. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. तांदूळ, गॅस, ट्रकचं भाडं, सासवडपासून वाखरीपर्यंत मुक्कामवार नोंदी, आणि खाली शिल्लक पुढे ओढलेली. बारा पानांच्या विशेषणांनी जो माणूस उभा राहत नाही तो या एका पानात दिसतो. पण छापखान्याने ते स्कॅन करताना ‘पांढरं स्वच्छ’ दिसावं म्हणून निव्वळ काळं-पांढरं केलं. शाई राहिली, नोंद पडताळून झाल्यावर शिसपेन्सिलीने केलेल्या बारीक टिका, म्हणजे ‘बरोबर’च्या खुणा, उडाल्या. हिशेबनिसाच्या वहीत जीव असतो तो त्या टिकांमध्ये! जुनी वही रंगीत किंवा ग्रेस्केल (करड्या छटांसह), ४०० डीपीआयवर (इंचाला ४०० ठिपके) स्कॅन करायला सांगा आणि पार्श्वभूमी पुसू देऊ नका. धंद्याच्या वहीचं पान छापायचं झालं तर मात्र अशिलांची नावं, पॅन आणि खाते क्रमांक झाकायलाच हवेत. इथे एका पानावर ते झाकायचे राहून गेलेत, ही चूक गंभीर आहे.

फोटोंत तीन घोटाळे. काही फोटो व्हॉट्सॲपवरून घेतलेत. तिथे साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जाऊन लांब बाजूला साधारण १,६०० पिक्सेलवर येतो. ए-फाइव्हचं पूर्ण पान ३०० डीपीआयवर भरायला २,४८० लागतात. म्हणून फोटोंचं एक पान धुरकट आहे. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली असती तर हे टळलं असतं. दुसरं, एक निगेटिव्ह उलट्या बाजूने स्कॅन झालीये: पत्नीचा पदर उजव्या खांद्यावर, घड्याळही उजव्या मनगटात. तिसरा घोटाळा कुठल्याही भटक्याला खुपेल. आत वळलेला, पोट खपाटीला गेलेला हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा स्पष्ट दिसत असताना खाली ओळ ‘कळसूबाई शिखर’ अशी. पायथ्याच्या बेलपाड्यातून नळीच्या अवघड वाटेने कोकणकड्यावर चढणं आणि शिड्या चढून कळसूबाईला जाणं यात फार अंतर आहे, आणि ज्याच्या धाडसाचं कौतुक चाललंय त्याच्याच बाबतीत ही गल्लत बरी दिसत नाही. फोटोओळी बरोबर फिरलेल्या सोबत्याकडून तपासून घ्याव्यात.

मुद्रितशोधन ‘सेवेत समाविष्ट’ आहे, पण ते युनिकोड (मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणारा) मजकूर छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये बदलण्याआधी झालेलं दिसतं. त्या बदलात ‘वारकऱ्यांच्या’चं ‘वारकर्यांच्या’ झालंय, तेही जागोजागी. शेवटचं प्रूफ फाँट बदलल्यानंतरचंच मागा आणि कागदावर वाचा. मोबाइलवर रफार नजरेतून सुटतो.

वेळेचा हिशेब तिथीने करा. वर्षश्राद्धाची तिथी इंग्रजी तारखेच्या साधारण ११ दिवस आधी येते. मध्ये अधिक महिना पडला तर उलट १८-१९ दिवस पुढे जाते. छापखाना तारखेवरून दिवस मोजतो आणि प्रती कार्यक्रम उरकल्यावर हातात पडतात. कव्हरवर तिथी आणि तारीख दोन्ही छापावी.

प्रती दोनशे-तीनशेच्या आत असतील तर डिजिटल छपाई परवडते, त्यापुढे ऑफसेटचा भाव विचारावा. एकूणात, छपाई आणि बांधणी याच छापखान्याकडून बिनधास्त घ्यावी, लेखन घरच्यांनी करावं. करार करतानाच मांडणीची मूळ फाइल आणि सगळे स्कॅन पेनड्राइव्हवर मागून ठेवा, नाहीतर हाती फक्त पीडीएफ येते. मूळ फोटो देताना प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने क्रमांक घालून यादीवर सही घ्या, आणि परत घेताना त्या यादीबरहुकूम मोजा.