चौघं, एक टीव्ही आणि मारिओ कार्ट: कोणता ट्रॅक लावायचा?

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायचं काम नसतं. पारा ४५ च्या आसपास, कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास, आणि मामाकडे सुट्टीला आलेली भाचरं. एक यवतमाळचा, एक पुण्याची. गेले तीन उन्हाळे आमच्या हॉलमध्ये ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’ हा गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम चालू आहे. खेळणारे ठरलेले: भाचा, भाची, मी आणि आई. म्हणजे पोरांची आजी, वय ६८.

ज्यांनी नुकताच निन्टेन्डोचा ‘स्विच’ हा गेम कन्सोल घेतलाय, घरात असेच लहानमोठे चौघं आहेत आणि समोर ट्रॅकची एवढी मोठी यादी बघून गोंधळ उडालाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. २०१७ मध्ये गेम आला तेव्हा त्यात ४८ ट्रॅक होते. मार्च २०२२ ते नोव्हेंबर २०२३ मध्ये सहा हप्त्यांत आणखी ४८ आले, पण ते वेगळे पैसे भरून. एकूण ९६.

‘सर्वोत्कृष्ट ट्रॅक’ म्हणून ज्या याद्या फिरतात, त्या बहुतेक एकट्याने खेळणाऱ्यांच्या असतात. पूर्ण स्क्रीन, इयरफोन, सगळे शॉर्टकट पाठ. चौघांत टीव्हीचे चार तुकडे होतात, आणि तीन किंवा चार जण असले की चित्रही सेकंदाला ६० ऐवजी ३० फ्रेमवर येतं. त्यामुळे माझा काटा वेगळा आहे. चौथा माणूस शेवटच्या लॅपलाही कंट्रोलर घट्ट धरून बसलाय, की मांडीवर ठेवून मोबाइल बघतोय?

रस्त्यातल्या खोक्यांतून शस्त्रं मिळतात, आणि त्यात गेम मागच्याला मदत करतो, हे खरं. पुढच्याच्या नशिबी नाणं नाहीतर केळ्याची साल, मागच्याला तारा, वीज, बुलेट. पण ती मदत कामाला यायची तर पुढचे आवाक्यात हवेत. ते असतील की नाही, हे ट्रॅक ठरवतो.

बेबी पार्क की एक्साइटबाइक अरेना

दोन्ही साधे लंबगोल. वळणं दोनच. नवख्याला शिकवायला काही लागत नाही, म्हणून सुरुवात यांच्यापैकी एकाने करा असं सगळेच सांगतात. मी बेबी पार्क सांगेन, आणि जरा सविस्तर सांगेन.

हा ट्रॅक मुळात २००३ चा, निन्टेन्डोच्या जुन्या गेमक्यूब कन्सोलवरचा. बहुतेक ट्रॅकना तीन लॅप, याला सात. तरी सगळा खेळ दीड मिनिटाच्या आत आटोपतो, एवढा तो लहान आहे. इथल्या आवृत्तीत पूर्ण ट्रॅकवर गुरुत्वाकर्षण बंद, म्हणजे चाकं आडवी होतात आणि एकमेकांना धडकलं की दोघांनाही वेगाचा धक्का मिळतो. आदळलं की नुकसान, हा हिशेबच इथे उलटा.

पण खरी गंमत लॅप देण्यात आहे. तिसऱ्या-चौथ्या लॅपला पहिला गडी शेवटच्याच्या पाठीशी येऊन ठेपतो. म्हणजे शेवटचा प्रत्यक्षात पहिल्याच्या पुढे धावत असतो. त्याने मागे टाकलेली साल थेट पुढाऱ्याच्या चाकाखाली. आमच्याकडे आई हिरवा योशी घेते, तिच्या भाषेत ‘तो सरडा’. पाचव्या लॅपला ती अकरावी होती, भाचा पहिला. तिने नेहमीसारखं काहीही न बघता बटण दाबलं, तीन साली मागे पडल्या, आणि भाचा त्यातल्या पहिलीवर गरगरला, सावरला आणि दुसरीवर गेला.

‘मामा, आजी काऊन मधात येऊन राह्यली बे?’

आजी म्हणाली, ‘मी तं माझ्या रस्त्यानं चालली होती बाप्पा.’

एक्साइटबाइक अरेनात असं होत नाही. तिथे मजा उड्यांची आहे. उतारांची मांडणी दर वेळी बदलते आणि प्रत्येक उडीवर बटण दाबलं की थोडा वेग मिळतो. पोरांना ते फार आवडतं. पण उडीच्या क्षणी बटण दाबायचं भान ज्याला नाही तो दर उतारावर थोडा थोडा मागे पडत जातो. दहा मिनिटं सराव झालेल्यांसाठी अरेना, पहिल्यांदा कंट्रोलर हातात घेणाऱ्यासाठी बेबी पार्क.

माउंट वारिओ की बिग ब्लू

या दोन्हींत लॅप नाहीत. एका टोकाला सुरुवात, दुसऱ्या टोकाला शेवट, मध्ये तीन टप्पे. दोन्ही दिसायला अप्रतिम आणि दोन्ही मूळ ४८ मधले, त्यामुळे जादा पैशांचा प्रश्न नाही.

माउंट वारिओत विमानातून बर्फाच्या डोंगरावर उडी टाकायची. मग बर्फाची गुहा, धरणाची भिंत, झाडी, स्कीइंगचा उतार आणि खाली टाळ्या वाजवणारे प्रेक्षक. बिग ब्लू हा निन्टेन्डोच्याच ‘एफ-झीरो’ या दुसऱ्या शर्यतीच्या गेममधून आलेला. निळ्या प्रकाशातले सरकते पट्टे, पाण्याचे रस्ते, आणि कडेला कठडा नसलेल्या जागा बऱ्याच.

एकटा खेळत असतो तर बिग ब्लू घेतला असता. पाव स्क्रीनवर मात्र तो डोळ्यांना फार जड जातो. पट्टा कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळेपर्यंत गाडी खाली गेलेली असते. ढगावरचा लकिटू उचलून परत ठेवतो, पण तोवर चार जण पुढे गेलेले. परत फिरून गाठायला लॅप नाही. माउंट वारिओतही लॅप नाही, पण तिथे पडायला जागा कमी आणि रस्ता रुंद. शिवाय प्रत्येक टप्प्याला देखावा बदलतो, त्यामुळे मागे पडलेल्यालाही ‘आता काय येईल’ ही उत्सुकता असते. आईला ते धरण आवडतं. ‘तोतलाडोहचे दरवाजे उघडले’ असं ती दर वेळी म्हणते.

एक पथ्य: लांब ट्रॅकवर कॉम्प्युटरच्या गाड्या बंद करू नका. चौघंच असाल तर निम्मा वेळ रिकामा रस्ता बघत बसाल. बेबी पार्कला त्या बंद केल्या तरी चालतं.

टोड हार्बर की कोकोनट मॉल

इथे निवड पैशांची आहे. टोड हार्बर मूळ गेममध्येच मिळतो, कोकोनट मॉल नंतरच्या विकतच्या हप्त्यात. मॉल २००८ चा, वी कन्सोलवरचा. त्यातले सरकते जिने आडमुठे आहेत: एक वर जाणारा, एक खाली येणारा, आणि चुकीच्या जिन्यावर चढलात की गाडी जागच्या जागी घासत राहते. शेवटी पार्किंगमध्ये उभ्या गाड्या. पुढे एका अपडेटनंतर त्या गोल गोल फिरायलाही लागल्या. चौघांना एकदम हसू येतं असे ट्रॅक कमी, त्यातला हा एक.

टोड हार्बर म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या धर्तीवरचं चढउताराचं गाव. ट्राम रस्त्यातून जातात, वाटा अनेक, आणि कोणतीही घेतली तरी फार बिघडत नाही. छान आहे. पण मॉलसारखा आरडाओरडा होत नाही. फक्त या एका ट्रॅकसाठी जादा पैसे भरावेत का? नाही. आधी मूळ ४८ चा कंटाळा येऊ द्या, आमच्याकडे त्याला दीड वर्ष लागलं.

त्याच हप्त्यांत पॅरिस, टोकियो, सिंगापूर, बँकॉक अशा शहरांचेही ट्रॅक आहेत, मोबाइलवरच्या गेममधून आणलेले. त्यांची खोड अशी की दर लॅपला रस्ता बदलतो. पाठ असलेल्याला मजा, बाकीच्यांना ‘अरे, आत्ता तर इकडून गेलो होतो’. आमच्या वर्धा रोडसारखंच म्हणा: खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो, आणि चढायचं कुठून ते एकदा चुकलं की पुढच्या चौकापर्यंत भोगा. भारतातलं एकही शहर त्यात नाही, हे भाचीने पहिल्याच दिवशी नोंदवलं.

रेनबो रोड

या नावाचे ट्रॅक पाच आहेत, वेगवेगळ्या जुन्या-नव्या मारिओ कार्टमधले, आणि पोरं पहिल्या दिवसापासून तेच मागतात. चौघांत लावू नका. जुन्या सुपर निन्टेन्डो कन्सोलवरचा सगळ्यात छोटा, पण कठडाच नाही. वी चा तर नुसता पडण्याचा कार्यक्रम. लावायचाच झाला तर निन्टेन्डो ६४ चा लावा: मूळ तीन लॅपचा आता एकाच लांब फेरीत बसवलाय, खाली रात्रीचं शहर, डोक्यावरून जाणारी आगगाडी नाणी सांडत जाते. लहान आणि वयस्कर मंडळींना स्मार्ट स्टिअरिंग चालू करून द्या, गाडीच्या मागे अँटेना दिसली म्हणजे ते चालू आहे. गाडी कडेवरून पडत नाही, पण काही शॉर्टकट बंद होतात. आईचं आपोआप पळणंही चालू असतं, तिला फक्त वळवायचं आणि शस्त्र टाकायचं.

आमच्याकडे रेनबो रोड रात्री अकरानंतर. आई झोपलेली, भाची फोनवर, भाचा आणि मी दोघंच. स्क्रीनचे दोनच तुकडे, चित्र पुन्हा ६० फ्रेमवर, आणि आवाज अगदी बारीक.

दिवसा मात्र गाड्यांचा वेग १०० सीसीवर ठेवा. २०० सीसीला ब्रेक वापरावा लागतो आणि आमच्या घरात ते कोणालाच जमत नाही. मोडमध्ये ‘व्हीएस’ घेतलं की ट्रॅक एकेक करून स्वतः निवडता येतात. सगळ्यांचा हात बसला की माउंट वारिओने उघडा, मध्ये टोड हार्बर आणि अरेना, आणि बेबी पार्क राखून ठेवा. स्वयंपाकघरातून ‘ताटं वाढली’ अशी हाक आली की तो लावायचा. पोळी गार व्हायच्या आत सातही लॅप होतात.