समर फील्ड्स की ड्रॅगन? ऑक्सफर्डमधल्या दोन प्रेप शाळा

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरात मूल सहा-सात वर्षांचं झालं की प्रेप शाळेचा विषय निघतो. प्रेप म्हणजे साधारण आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना ईटन, विंचेस्टर अशा मोठ्या खासगी शाळांसाठी तयार करणारी शाळा. निवडीआधी तिथली परंपरा समजून घ्यायची तर ऑक्सफर्डच्या उत्तर भागातल्या दोन शाळा शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात.

समर फील्ड्स १८६४ची. आर्चिबाल्ड मॅकलारेन यांची ऑक्सफर्डात व्यायामशाळा होती आणि पत्नी गर्ट्रूड यांचं लॅटिन, ग्रीक पक्कं होतं. मोजक्या मुलांना घेऊन दोघांनी शाळा सुरू केली. ‘निरोगी शरीरात निरोगी मन’ हे ब्रीदवाक्य या जोडप्याला शोभणारंच. मुलग्यांची निवासी शाळा आणि ईटनची हमखास वाट, ही तिची पूर्वापार ख्याती. पुढे पंतप्रधान झालेले हॅरॉल्ड मॅकमिलन इथूनच ईटनला गेले.

ड्रॅगन १८७७ची. कॉलेजांच्या प्राध्यापकांना लग्न करायची मुभा मिळू लागली होती, घरं मुलाबाळांनी भरत होती. त्यांनी स्वतःच्या मुलांसाठी ही शाळा काढली, म्हणून घरून ये-जा करणारी मुलं हा तिचा पाया. मुख्याध्यापक लायनम यांना सगळे ‘स्किपर’ म्हणत, आणि शिक्षकांना टोपणनावानं हाक मारायची मोकळीक तिथे रुळली. लेखिका नेओमी मिचिसन तिथे शिकल्या, तेही मुलींना अशा शाळांची दारं बंद असण्याच्या काळात. त्यांचे भाऊ जे. बी. एस. हाल्डेन हेही ड्रॅगनचे. हेच शास्त्रज्ञ पुढे भारतात येऊन राहिले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले.

माझ्या मते खरा फरक एकच: मूल रात्री कुठे झोपणार. (ड्रॅगनमध्येही वसतिगृह आहे, पण तिथे तो अनेक पर्यायांपैकी एक.) निवासी शाळेची तयारी म्हणजे मोज्यांच्या प्रत्येक जोडावर नावाची पट्टी शिवणं, ट्रंक भरणं आणि खाऊची कुलूपबंद पेटी, म्हणजे टक बॉक्स. ताप आला तर कपाळावर हात मेट्रनचा, म्हणजे वसतिगृहात मुलांची काळजी घेणाऱ्या बाईंचा. काही मुलं त्यात खरोखर फुलतात. तरी आठव्या वर्षी, आईवडील तासाभराच्या अंतरावर असताना, मी मुलाला ठेवणार नाही. शाळेतून घरी येणारं मूल रात्रीच्या जेवणाला मराठी बोलतं. सुट्टीपुरतं घरी येणारं मूल दोन-तीन वर्षांत आजीशी फोनवर इंग्रजीत उत्तरं देऊ लागतं, आणि ते परत फिरवणं फार अवघड असतं.

‘पण ईटनचं काय?’ हा प्रश्न येतोच. १९०४मध्ये या मोठ्या शाळांच्या प्रवेशासाठी कॉमन एन्ट्रन्स परीक्षा सुरू झाली, तेराव्या वर्षी द्यायची, आणि लॅटिनला तिच्यात मानाचं पान होतं. प्रेप शाळांचा सगळा अभ्यासक्रम तिच्याभोवती उभा राहिला. आज मात्र बऱ्याच बड्या शाळा इयर सिक्स किंवा सेव्हनमध्येच, म्हणजे दहा ते बारा वर्षांच्या वयात, प्री-टेस्ट घेऊन जागा ठरवतात. त्यामुळे अकराव्या वर्षापर्यंत मुलाचं वाचन आणि गणित कसं आहे, हे वसतिगृहाच्या नावापेक्षा महत्त्वाचं.

खर्चाचं थोडक्यात: पूर्ण निवासी फी बरीच जास्त, आणि १ जानेवारी २०२५पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट आहे. पाच वर्षांचा हिशेब आजच मांडा. शिवाय तेराव्या वर्षी पुढच्या शाळेची फी याहून मोठी असणार.

तरीही निवासी शाळाच हवी असेल, तर प्रवेशाच्या बैठकीत एक गोष्ट नेटानं विचारा: शनिवारी-रविवारी किती मुलं वसतिगृहात राहतात? काही शाळांत शुक्रवारी संध्याकाळी बहुतेक मुलं घरी जातात. ज्याचं घर भारतात आहे त्या मुलानं ते दोन दिवस कुणाबरोबर काढायचे, याचं नेमकं उत्तर मिळाल्याशिवाय अनामत भरू नका.